महागाई उतरली म्हणतात, मग ओझं का उतरत नाही?

या वेळी पत्रं खूप आली आणि जवळजवळ सगळ्यांचा विषय एकच, पैसा. पण नीट वाचत गेले तर नुसतं पैशाबद्दल कोणीच लिहिलेलं नाहीये, कोणी झोपेबद्दल लिहिलंय, कोणी घरातल्या अबोल्याबद्दल, कोणाला आपण कमी पडतोय असं वाटतंय. मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवलं, तेव्हा जगाची अर्थव्यवस्था एका तासाला आणि माणसांचं बरंवाईट दुसऱ्या कोणाच्या तरी तासाला असं चालायचं, आणि ही पत्रं वाचताना ते किती चुकीचं होतं हे सारखं जाणवत राहिलं. सहा पत्रं घेतलीत. नावं कोणाचीच देत नाहीये.

प्रश्न: ताई नमस्कार. बातम्यांत सारखं ऐकतोय की जगभरात महागाई आटोक्यात आली, पण आमच्या घरचा महिन्याचा खर्च काही खाली आला नाही. कोणीतरी खोटं बोलतंय का? की आम्हालाच खर्च करता येत नाही?

कोणी खोटं बोलत नाहीये आणि तुमचा हिशोबही चुकत नाहीये, घोळ शब्दाचा आहे. 'महागाई कमी झाली' म्हटलं की आपल्याला वाटतं भाव कमी झाले, पण बातमीतला आकडा असतो तो भाव चढायच्या वेगाचा. समजा एखादी वस्तू १०० ला होती, पहिल्या वर्षी महागाई ९ टक्के, म्हणजे ती १०९ ला झाली, दुसऱ्या वर्षी ४ टक्के, झाली ११३ च्या पुढे, तिसऱ्या वर्षी २ टक्के, झाली साधारण ११६. बातमी म्हणणार की महागाई ९ वरून २ वर आली आणि ते खरंच आहे, पण तुमच्या खिशातून ११६ जातात, १०० नाही, आणि जुना भाव सहसा परत येत नाही. या तीन वर्षांत तुमची कमाई १६ टक्के वाढली असेल तर तुम्ही जिथल्या तिथे आहात, त्यापेक्षा कमी वाढली असेल तर काहीही उधळपट्टी न करता तुम्ही मागे पडलात.

हे जगभर झालंय हो, तुमच्याच घरात नाही. कोविडनंतर माल वेळेवर पोचेना, त्याच वेळी अनेक देशांनी बाजारात भरपूर पैसा ओतला होता, मग फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि गॅस, तेल, खत, गहू सगळ्याचेच भाव पेटले. जून २०२२ मध्ये अमेरिकेत महागाईचा दर ९.१ टक्क्यांवर गेला, ऑक्टोबरमध्ये युरो वापरणाऱ्या देशांत १०.६ आणि ब्रिटनमध्ये ११.१, अशा देशांत जिथे कित्येकांनी चाळीस वर्षांत असं काही बघितलं नव्हतं.

शिवाय तो आकडा सरासरीचा असतो. ज्याच्या कमाईचा मोठा भाग खाण्यात, भाड्यात आणि इंधनात जातो त्याची महागाई वेगळी आणि ज्याचा तेवढाच भाग फिरण्यात, नवीन वस्तू घेण्यात जातो त्याची वेगळी. टीव्ही स्वस्त झाला आणि धान्य महागलं तर सरासरी शांत दिसते, पण टीव्ही रोज कोण घेतं?

तुमचं शेवटचं वाक्य मात्र मला टोचलं, 'आम्हालाच खर्च करता येत नाही का'. असं स्वतःला बोल लावू नका, मनापासून सांगतेय. २०१३ साली एक संशोधन प्रसिद्ध झालं, तमिळनाडूतल्या ऊस शेतकऱ्यांवर केलेलं. ऊस विकल्याचे पैसे वर्षातून एकदाच येतात, त्यामुळे त्याआधी हात अगदी आवळलेला आणि नंतर मोकळा. त्याच त्या माणसांना आधी आणि नंतर विचार करायची, लक्ष द्यायची कोडी घातली, आणि हात आवळलेला असताना त्यांची कामगिरी खालावलेली दिसली. माणूस तोच, डोकं तेच, फक्त डोक्यातली जागा पैशाच्या काळजीने अडवलेली. म्हणजे ओढाताणीत माणूस विसरतो, चिडतो, नको तिथे सही करून बसतो, याला लोक सरळ 'अक्कल नाही' म्हणतात आणि हे फार अन्यायाचं आहे. घरातले सगळे एकत्र बसून महिन्यातून एकदा हिशोब लिहून काढा, एकाच माणसाच्या डोक्यावर तो ठेवू नका, बाकी तुमच्यात काहीही कमी नाहीये.

प्रश्न: मॅडम, मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जीडीपी वाढला म्हणजे लोक सुखी झाले असं लिहिलं तर मार्क मिळतात, पण मला ते पटत नाही. मी चुकतोय का?

नाही रे, चुकत नाहीयेस, आणि तुझ्या बाजूने कोण उभं आहे बघ. जीडीपी म्हणजे देशात वर्षभरात तयार झालेल्या वस्तू आणि सेवांची एकूण किंमत, आणि असं राष्ट्रीय उत्पन्न मोजायची पद्धत ज्यांनी अमेरिकेत बसवली त्या सायमन कुझनेट्स यांनीच १९३४ साली तिथल्या सिनेटला दिलेल्या अहवालात बजावून ठेवलं होतं की या आकड्यावरून देशातल्या लोकांचं कल्याण कळत नाही. आकडा सगळ्यांनी उचलला आणि त्याच्यासोबतची सूचना बाजूला पडली. १९९० मध्ये अर्थतज्ज्ञ महबूब उल हक आणि त्यांच्यासोबत अमर्त्य सेन यांनी संयुक्त राष्ट्रांसाठी मानव विकास निर्देशांक आणला, त्यात उत्पन्नाच्या जोडीला आयुर्मान आणि शिक्षणही धरलं, तो याच कारणाने.

एक उदाहरण पेपरात नक्की लिही. २०१४ ते २०१७ या काळात अमेरिकेचा जीडीपी दरवर्षी वाढत होता, बेकारी कमी होत होती, आणि त्याच काळात तिथलं सरासरी आयुर्मान घसरलं. जगातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेत, युद्ध नाही, साथ नाही, आणि लोक आधीपेक्षा लवकर मरतायत! अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या दोन अर्थतज्ज्ञांनी याच काळात, २०१५ मध्ये, दाखवून दिलं होतं की मध्यम वयाच्या गोऱ्या अमेरिकनांमध्ये मृत्यू वाढतायत, विशेषतः कमी शिकलेल्यांमध्ये, आणि त्यात ड्रग्ज, दारूने खराब झालेलं लिव्हर आणि आत्महत्या ही मोठी कारणं आहेत. कारखाने गेले, चांगली नोकरी फक्त डिग्रीवाल्याला, युनियन संपली, लग्नं टिकेनात, त्यात औषध कंपन्यांनी व्यसन लावणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांचा पूर आणला. जीडीपीत त्या गोळ्यांची विक्रीसुद्धा वाढ म्हणूनच मोजली जाते, हे वाक्य मी वर्गात सांगायचे तेव्हा मुलं एकदम गप्प व्हायची.

पण दुसऱ्या टोकालाही जाऊ नकोस. पैसा आला तरी सुख येत नाही म्हणून पैसा महत्त्वाचा नाही, असं काही सिद्ध होत नाही. अर्थतज्ज्ञ रिचर्ड ईस्टरलिन यांनी १९७४ साली म्हटलं होतं की देश श्रीमंत होत गेला तरी लोकांचं समाधान त्या प्रमाणात वाढत नाही, त्यावर पुढे बराच वाद झाला आणि अजून चालू आहे. गरीब देशात दवाखाना, नळाचं पाणी, शाळा हे सगळं उत्पन्न वाढल्याशिवाय उभं राहणं फार कठीण आहे. वाढ हवीच, ती कोणाच्या घरात पोचली हे विचारणंही हवं, असं लिही आणि मार्क कापले तर मला कळव.

प्रश्न: ताई, तुमचं सदर नेहमी वाचते. माझ्या मिस्टरांची नोकरी गेल्या वर्षी गेली, कंपनीने जगात मंदी आहे म्हणून अर्धा विभागच बंद केला. सुरुवातीला म्हणाले, बरं झालं, आता वेळ मिळेल, पुस्तकं वाचीन. आता पुस्तकाला हात लावत नाहीत. दिवसभर घरी असतात पण सांगितलेलं एक काम होत नाही, विचारलं तर म्हणतात वेळ मिळाला नाही. मी नोकरी करून घरचं सगळं करते. माझा तोल सुटायला लागलाय. हे आळशीपण आहे का काय आहे?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. 'वेळ मिळाला नाही' हे वाक्य वाचून मला नव्वद वर्षांपूर्वीचं एक गाव आठवलं, तेच आधी सांगते कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यातच आहे.

व्हिएन्नाजवळ मारिएन्थाल नावाचं छोटं गाव आहे. अख्खं गाव एका कापडगिरणीवर जगायचं. १९२९ ची जागतिक मंदी आली आणि वर्षभरात गिरणी बंद, गावातल्या बहुतेक घरांत कमावणारं कोणी उरलं नाही. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स त्साइझेल ही तरुण संशोधक मंडळी तिथे गेली, त्यांनी गावकऱ्यांना कपडे मिळवून दिले, डॉक्टरची सोय केली, शिवणकामाचे वर्ग घेतले आणि हे करता करता गाव कसं जगतंय याची बारीक नोंद ठेवली. त्यांना वाटलं होतं की वेळच वेळ आहे म्हटल्यावर गावचं वाचनालय भरून जाईल. झालं उलटं, १९२९ ते १९३१ मध्ये वाचायला नेलेल्या पुस्तकांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आली, आणि पुस्तकं फुकट होती तरी. मग त्यांनी एका खिडकीत बसून मुख्य रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या चालण्याचा वेग मोजला. पुरुष हळू चालायचे, चार पावलं चालले की थांबायचे, कुठेच जायचं नसल्यासारखे. बायका भरभर चालायच्या, कारण घरकाम होतंच, ते काही गिरणीबरोबर बंद पडलं नव्हतं. पुरुषांना दिवसभरात काय केलं ते लिहून द्या म्हटलं तर उठलो, जेवलो, झोपलो यापलीकडे आठवेना. कित्येकांनी घड्याळ वापरणं सोडलेलं. आणि बायकांची तक्रार अगदी तुमचीच होती, की दिवसभर रिकामे असतात तरी जेवायला वेळेवर येत नाहीत.

पुढे याहोडा यांनी यावर आयुष्यभर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की नोकरी पगार देते हे दिसतं, पण ती न दिसणाऱ्या गोष्टीही देते, दिवसाला आकार देते, घराबाहेरची माणसं देते, आपण मिळून काहीतरी मोठं करतोय ही भावना देते, चारचौघांत ओळख देते आणि हातपाय हलवायला लावते. नोकरी गेली की हे सगळं एकाच दिवशी जातं आणि पगाराचं दुःख निदान बोलता येतं, याचं बोलताच येत नाही. तेव्हा हे आळशीपण नाहीये. तुमचे मिस्टर मारिएन्थालच्या रस्त्यावर थांबलेत.

पण तुमचंही खरंच आहे. तुम्ही थकलाय आणि त्यांच्या अवस्थेला नाव मिळालं म्हणून तुमच्या पाठीवरचं काही कमी होत नाही. म्हणून दोन गोष्टी करून बघा. एक, त्यांना कामं 'सांगू' नका, घरातलं एक अख्खं खातं त्यांच्याकडे सोपवा, वेळेसकट, म्हणजे मुलांचा अभ्यास किंवा बँकेची, बिलांची सगळी कामं, आणि मग त्यात नाक खुपसू नका, चुकलं तरी. दोन, रोज ठरलेल्या वेळेला घराबाहेर पडणं, मग ते वाचनालयात जाऊन बसणं असो, कोणाला शिकवणं असो, एखादा कोर्स असो, पैसे मिळोत न मिळोत. तिथे दुसरं कोणीतरी वाट बघत असेल असं काहीतरी हवं, कारण एकट्याने ठरवलेला दिनक्रम चार दिवसांत मोडतो. आणि जगण्यात अर्थ नाही असं काही ते बोलले, नुसतं सहज म्हणून बोलले तरी, त्याच दिवशी डॉक्टरांकडे घेऊन जा, वाट बघू नका.

आणखी एक गोष्ट, ही तुमच्यासाठी कमी आणि धोरण ठरवणाऱ्यांसाठी जास्त. १९९० नंतर फिनलंडची अर्थव्यवस्था कोसळली, सोव्हिएत युनियनशी असलेला व्यापार बुडाला, बँका बुडाल्या, बेकारी ३ टक्क्यांच्या आसपास होती ती तीन-चार वर्षांत १६ च्या वर गेली. आत्महत्या वाढतील असंच कोणालाही वाटलं असतं, पण त्या १९९० नंतर उतरत गेल्या. बेकारांना भत्ता होता, पुन्हा कामाला लावायचे कार्यक्रम होते, आत्महत्या रोखायची देशव्यापी मोहीम आधीच सुरू झालेली होती. आणि ग्रीसमध्ये २००८ नंतर अर्थव्यवस्था साधारण चतुर्थांशाने आकसली, २०१३ मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली, तेव्हा कर्ज देणाऱ्यांच्या अटींपायी आरोग्यावरचा खर्चच छाटला, आणि तिथे आत्महत्या वाढल्या. धक्का दोन्हीकडे मोठाच होता. खाली जाळी एकीकडे होती आणि दुसरीकडे ऐन पडायच्या वेळी काढून घेतली.

प्रश्न: लोकांना बसून पैसे दिले की लोक आळशी होतात, हे तर उघड आहे. मग तुम्ही सगळे अर्थशास्त्रवाले सामाजिक सुरक्षेच्या एवढ्या मागे का?

उघड वाटतं खरं, म्हणूनच कोणीतरी करून बघितलं हे बरं झालं. पुन्हा फिनलंडच. २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं तिथल्या सरकारने चिठ्ठ्या टाकल्यासारखे २,००० बेकार लोक निवडले आणि त्यांना दरमहा ५६० युरो दिले, काही अट नाही, नोकरी लागली तरी पैसे चालू. लोक घरी बसले का? नाही, उलट ज्यांना हे पैसे नव्हते त्यांच्यापेक्षा हे लोक वर्षात काही दिवस जास्तच कामावर होते. फरक छोटा होता आणि त्याच काळात बेकारभत्त्याचे नियमही बदलले होते, त्यामुळे त्यावर फार उड्या मारू नयेत, पण आळशी झाले नाहीत एवढं तर दिसलंच. दुसरा फरक मोठा होता, सर्व्हेत त्यांनी ताण कमी, तब्येत बरी, पुढच्या आयुष्याबद्दल भरवसा जास्त असं सांगितलं. (सर्व्हेला उत्तरं कमी जणांनी दिली, हेही सांगायला हवं.)

आणि साहेब, बसून पैसे मिळणारे लोक जगात आहेत तरी किती? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगातल्या सुमारे ३८० कोटी लोकांना कसलंच सामाजिक संरक्षण नाही, पेन्शन नाही, आजारपणाची रजा नाही, बाळंतपणाची मदत नाही, काहीच नाही. त्यांनी आजारी पडायचं ठरवलं तरी त्यांना परवडत नाही.

प्रश्न: श्रीलंका, घाना, झांबिया कर्जात बुडाले असं वाचलं. देश बुडतो म्हणजे नेमकं काय होतं? देशाला थोडीच कोणी जप्त करतं?

जप्त कोणी करत नाही, पण जगणं आतून बंद पडत जातं. श्रीलंकेचंच घ्या. तेल, औषधं, कागद बाहेरून आणायचे तर डॉलर लागतात, आणि डॉलर येणार पर्यटनातून, निर्यातीतून, परदेशात गेलेल्यांनी घरी पाठवलेल्या पैशांतून. कोविडने पर्यटन बंद पाडलं, त्याआधी केलेली करकपात आणि रासायनिक खतांवर एका झटक्यात घातलेली बंदी यांनी उरलंसुरलं खचवलं. मार्च २०२२ मध्ये पश्चिम प्रांतातल्या शाळांना परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या, कारण प्रश्नपत्रिका छापायला कागद नव्हता. मला सगळ्या आकड्यांपेक्षा हेच लक्षात राहिलंय, मुलांनी अभ्यास केलाय, शिक्षकांनी पेपर काढलाय आणि कागद नाही. एप्रिलमध्ये सरकारने परदेशी कर्जाचे हप्ते थांबवले, जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष देश सोडून गेले, सप्टेंबरमध्ये महागाई ७० टक्क्यांच्या आसपास होती.

चुका तिथल्या सरकारच्या होत्याच, पण सगळ्या नाही. मार्च २०२२ पासून जुलै २०२३ पर्यंत अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने स्वतःच्या देशातली महागाई दाबायला व्याजदर जवळजवळ शून्यावरून सव्वापाच-साडेपाच टक्क्यांवर नेले. डॉलर महाग झाला, आणि ज्यांचं कर्ज डॉलरमध्ये आहे त्यांचा हप्ता एक पैसाही नवीन न घेता फुगला. त्या बँकेवर कोणाची नेमणूक व्हावी हे ठरवताना कोलंबोतल्या किंवा झांबियाच्या राजधानीतल्या, लुसाकातल्या, माणसाला कोणी विचारत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार आणि विकास विभागाने २०२३ मध्ये मांडलेला हिशोब असा की ३३० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे सरकार शिक्षणावर किंवा आरोग्यावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च नुसत्या व्याजावर करतं. मुद्दल वेगळंच. म्हणजे एखाद्या बाईला दवाखान्यात नर्स भेटत नाही तेव्हा त्या नर्सचा पगार कुठेतरी व्याज म्हणून गेलेला असतो, आणि हे त्या बाईला कोणी समजावून सांगत नाही, ती आपल्या नशिबाला दोष देत घरी जाते.

प्रश्न: मी चोवीस वर्षांची आहे, रात्री फोनवर मंदी, टॅरिफ (आयातीवरचा कर), एआयमुळे नोकऱ्या जाणार हेच वाचत बसते आणि मग झोपच येत नाही. काय करू?

फोन दुसऱ्या खोलीत ठेव, हे पहिलं, आणि हे मी आई म्हणून सांगतेय. बातमी दिवसा वाच, दिवसातून एकदा, ठरवून. रात्री वाचलेल्या बातमीवर सकाळपर्यंत काहीही करता येत नाही, मग ती डोक्यात नुसती फिरत राहते.

दुसरं म्हणजे तू घाबरतेस त्यात तुझं काही चुकत नाहीये, तुझ्या वयाच्या मुलांनी कळत्या वयात कोविड बघितला, मग युद्ध, मग महागाई, आम्हाला एवढं एकापाठोपाठ एक बघावं लागलं नव्हतं. पण तुझ्या पत्रात एक गोष्ट मला कुठेच दिसली नाही, की हे तू कोणाशी बोललीस का. तुझ्या ऑफिसमध्ये तुझ्याच वयाच्या चार जणी असतील आणि त्याही रात्री हेच वाचत असतील. उद्या जेवायच्या सुट्टीत एकीला विचार, 'तुला झोप लागते का गं?' आणि ती काय म्हणाली ते मला पुढच्या पत्रात लिही.